दिवे लागायच्या आधी

नीलू नुकती बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांज झाली की ती दाराकडे बघून हसायची. दारात कुणी नसायचं. मी तिला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले तरी मान वळवून वळवून दार शोधायची, आणि सापडलं की तिच्या गुलाबी हिरड्या दिसायच्या. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा देवापुढे दिवा लावता लावता हात थांबवायची.

"आला बघ," म्हणायची.

कोण, हे मी एकदाही विचारलं नाही.

श्रीशैलअण्णा माझा थोरला भाऊ. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामावर होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी कोल्हापुरातून हातकणंगल्याला घरी येताना उसाच्या ट्रॉलीखाली गेला. नीलू तेव्हा पोटात होती, म्हणून मला रुद्रभूमीत माती द्यायला नेलं नाही. अंगणात बसवलेला अण्णा मी खिडकीतून बघितला.

आमच्यात माणूस गेला की त्याला बसवतात. भस्म लावून, हार घालून, मांडी घालून. माती देतात तीही तसंच बसतं ठेवून. आणि त्याच्या डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. तान्हेपणी गळ्यात बांधलेलं असतं ते, पुढं जन्मभर रोज आंघोळ झाली की त्याच तळहातावर घेऊन पुजलेलं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ज्याचं त्याचं.

अण्णाच्या गळ्यातलं लिंग त्याच्या हातावर गेलं. ज्या चांदीच्या डबीत ते असायचं ती डबी तेवढी घरी आली. तिसऱ्या दिवशी अव्वानं ती घासायला घेतली आणि राखेच्या हातानं तिथंच बसून राहिली.

अण्णाला दात येत होते तेव्हा तो गळ्यातली डबी चावायचा. त्याच्या डबीच्या कडेला दोन दातांची खूण होती, नख अडकेल इतकी खोल. ही डबी तेवढीच जुनी, तेवढीच काळवंडलेली, पण कडेनं गुळगुळीत होती.

अव्वानं हे कुणाला सांगितलं नाही. विरूपाक्षमामाला कळलं असतं तर त्यानं गाव गोळा केलं असतं. मला सांगितलं ते बाळंतपणानंतर, नीलूला पायावर घेऊन तेल लावताना. नीलूच्या पाठीवरून हात फिरत होता आणि नेहमीच्या आवाजात ती म्हणाली,

"दुसऱ्याचं लिंग हातात घिऊन बसलाय गं माझा ल्योक. मातीत."

"अव्वा, काहीतरी बोलू नको."

"सपनात येतोय. दारात हुबा ऱ्हातोय. आत ये म्हटलं तर येत न्हाय. डावा हात असा फुडं. उघडा. हे माझं न्हवं, न्ह्या हे, म्हणतोय." तिनं नीलूला पालथी केली. "आनि ज्येचं हाय त्यो जित्ता असंल तर? जित्त्या माणसाचं लिंग मातीत गेलं, पवित्रा. त्येनं काय करायचं?"

नीलूला लिंग बांधायचं होतं. मठातले अय्या दोनदा विचारून गेले. दोन्ही वेळा अव्वानं त्यांना कॉफी दिली आणि वाटेला लावलं. घरातलं एक लिंग कुठं आहे ठाऊक नाही तोवर नवं बांधायचं नाही, हा तिचा हट्ट. माझ्या सासरचे कुजबुजायला लागले. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नातीला तशीच मोकळी ठेवणार का काय तुझी आई?" मला राग यायचा नाही, भीती वाटायची. मोकळी या शब्दाची. नीलू हसत असायची ते दार उघडंच असायचं.

मग एका दुपारी, नीलू झोपलेली असताना, अव्वानं विचारलं, "त्या शनवारी रातच्याला कुठं ऱ्हायलता त्यो? कोल्हापुरात कुणाकडं?"

मला ठाऊक होतं. अण्णानंच सांगितलं होतं, माझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी, जिलेबी खाता खाता, जणू ड्यूटी बदलल्याची बातमी द्यावी तसं. मी सांगितलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोल्हापुरात सिनेमा दाखवतात. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, जन्माला आले त्या देहात न मावलेली माणसं, अशांचे सिनेमे. अण्णा दर महिन्याला जायचा. त्याला बायको नको होती, अव्वा. त्याचा एक जण होता.

अव्वा बराच वेळ नीलूच्या झोळीची दोरी ओढत राहिली. नीलू तर आधीच गाढ झोपली होती.

"एक जण म्हंजी आमच्यातला?"

"नाव नाही सांगितलं. आपल्यातलाच आहे, एवढं म्हणाला होता."

"मग त्येच्याकडं असंल," अव्वा म्हणाली. "चल जाऊ."

मी रडण्याची तयारी केली होती, तिच्या किंवा माझ्या. ती उठून तांदूळ निवडायला बसली.

अण्णानं कधीतरी मला पाठवलेल्या पोस्टरवर एक नंबर होता. त्यावर आदिती नावाची मुलगी बोलली. शाहूपुरीतली, जैनांच्यातली, हे शनिवार तीच चालवते. अण्णाचं नाव काढल्यावर तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "श्रीशैलदादा खुर्च्या मांडायला यायचा, ताई. सगळ्यांच्या आधी." मी कशासाठी फोन केला ते ऐकून म्हणाली, "आम्ही इथं कुणाचं नाव विचारत नाही. मला तो माहीत आहे, पण सांगणं माझ्या हातात नाही. तुम्ही या. मी त्याला निरोप देते. पुढं त्याच्या मनावर."

आम्ही एसटीनं गेलो. अव्वाच्या कमरेला पिशवी, पिशवीत ती गुळगुळीत डबी पांढऱ्या फडक्यात बांधलेली. तिचं ठरलं होतं. ज्याची त्याला डबी द्यायची, अण्णाचं लिंग मागून घ्यायचं, आणि त्याच्या समाधीच्या उशाला पुरायचं. "खड्डा उकरता येत न्हाय. पर जवळ तरी जाईल त्येच्या."

शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगेत एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या माडीवर हे चालतं. लाकडी जिना, प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा. वर खिडक्यांना काळं कापड मारलेलं. पडद्यामागं स्टुडिओचं जुनं रंगवलेलं चित्र अजून होतं, पडद्याच्या दोन्ही कडांनी दिसणारं: कमानी, कारंजं, दोन मोर. चार वाजताच्या उन्हातून आत आलो तेव्हा आधी फक्त ते मोर दिसले, मग हळूहळू माणसं. कॉलेजची पोरं होती, एक पिकलेल्या मिशांचे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते, दोन बायका एकाच पिशवीतले शेंगदाणे खात होत्या. एक साडी नेसलेली उंच बाई अव्वाकडे बघून उठली आणि म्हणाली, "या मावशी, पंख्याखाली बसा." तिचा आवाज पुरुषाचा होता. अव्वा तिच्याकडं टक लावून बघत राहिली आणि मग म्हणाली, "पंखा नगं बाई, बाळाला सर्दी हाय."

आदितीनं आम्हाला तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला नेलं. "ही दादाची खुर्ची."

साधी लाल प्लॅस्टिकची खुर्ची. बाकीच्यांसारखीच. अव्वानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, बसायच्या आधी तिला नमस्कार करावा की नाही असं तिला क्षणभर झालं असावं, आणि ती बसली. मी तिच्या मागच्या रांगेत, नीलूला घेऊन. अव्वाच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. मागं पोरं भिंतीला टेकून उभी होती, तरी त्या खुर्चीवर कुणी बसायला आलं नाही.

आदिती पडद्यापुढं उभी राहिली. "नवीन लोकांसाठी सांगते. सिनेमा संपला की दिवे लगेच लागणार नाहीत. ज्यांना कुणाच्या नजरेला न पडता जायचंय त्यांनी तेवढ्यात जावं. जिन्याचा कठडा उजव्या हाताला आहे. कुणीही मोबाईलचा उजेड करायचा नाही. पायऱ्या वाजायच्या थांबल्या की मी दिवा लावीन."

"चोराचा कारभार हाय का काय ह्यो?" अव्वा बोलली. तिला हळू बोलता येत नाही.

"चोरीच हाय मावशी," मागून एक पोरगं म्हणालं, "रोजची." सगळे हसले. अव्वा हसली नाही.

सिनेमा कुठल्याशा डोंगराळ मुलखातला होता, भाषा परकी. एका लहान स्टेशनावर दोन म्हाताऱ्या चहाचं दुकान चालवतात. खाली अक्षरं यायची, ती अव्वाला वाचता येत नाहीत, म्हणून मी पुढं वाकून सांगत होते.

"ह्यातली सासू कुठली, सून कुठली?"

"सासू-सून नाहीत, अव्वा. दोघी एकमेकींच्याच आहेत."

अव्वानं पडद्याकडं नीट बघितलं. एकीनं दुसरीच्या हातातलं आधणाचं भांडं हिसकावून घेतलं होतं आणि दोघी तोंडाचा पट्टा सोडून भांडत होत्या.

"मग भांडत्यात कशाला एवढ्या?"

"म्हणूनच भांडतात," टोपीवाले गृहस्थ म्हणाले. पुन्हा हशा झाला. या वेळी अव्वाचे खांदेही हलले.

पडद्यावरच्या उजेडात तिचं डोकं आणि शेजारची मोकळी खुर्ची मला दिसत होती. अण्णा इथून काय काय बघायचा, कशाला हसायचा, हसताना उजवीकडं वळायचा का, असलं काहीबाही मनात येत होतं. नीलू माझ्या खांद्यावर झोपली होती. तिच्या तोंडातली लाळ माझ्या ब्लाउजमधून आत झिरपत होती, आणि तेवढीच एक गोष्ट ओळखीची होती.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला आणि माडीवर काळोख पडला. आमच्याकडं लाइट जाते तेव्हाही इतका अंधार होत नाही.

खुर्च्या सरकल्या. कपड्यांची सळसळ. कुणीतरी माझ्या गुडघ्याला घासून गेलं, "सॉरी" म्हणालं. पायऱ्या वाजायला लागल्या. एकेक पायरी आपल्या आवाजात. माणसं उतरत होती आणि त्यांना चेहरे नव्हते. त्यांतला कुठलाही पाय अण्णाचा असू शकत होता. तो असाच उतरायचा, दर महिन्याला. आणि खाली रस्त्यावर पोचला की आमचा श्रीशैल व्हायचा.

खांद्यावर नीलू जागी झाली. मला वाटलं रडेल. ती हसली. तिन्हीसांजेचं तेच हसू, हिरड्यांचा ओला आवाज करत. ती कुठं बघून हसली ते अंधारात कळलं नाही.

तेवढ्यात अव्वाच्या शेजारची खुर्ची करकरली.

"अव्वा," कुणीतरी म्हणालं.

आमच्या घरात त्या शब्दातल्या शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळायची सवय होती, एकट्या अण्णाला. हा तसाच रेंगाळला होता. किती वर्षं एकत्र बोललं म्हणजे एकाची हाक दुसऱ्याच्या तोंडात जाते?

"तूच का?" अव्वानं विचारलं.

"व्हय. मी वारणेच्या बाजूचा. नाव नगा इचारू. घरात सांगितलेलं न्हाय." त्याचा आवाज कोरडा होता. "त्या दिवशी सकाळी आमी दोघं आंघोळ करून पूजंला बसलतो. एकाच चटईवर. भस्माचं ताट एकच, डब्या दोन्ही त्यातच ठेवल्या. त्येला घरला जायची घाई. हसत हुता, कायतरी सांगत हुता. गडबडीत माझी गळ्यात घालून गेला. मी दुपारी शर्ट काढला तवा बोटाला दात लागलं."

अव्वानं पिशवी मांडीवर ओढल्याचं ऐकू आलं.

"फोन केला. तुझं माझ्याकडं आलंय, म्हणून सांगाया. लई येळा केला. उचलला न्हाय."

जिन्यावरची पावलं विरळ झाली होती. मी नीलूला घट्ट धरलं.

"एकाच चटईवर?" अव्वानं विचारलं. आमच्यात नवरा-बायको बसतात तसं. ते ती बोलली नाही, पण तिच्या आवाजात होतं.

"व्हय. जवा भेटू तवा."

"दाव."

दोरा मानेवरून काढल्याचा आवाज झाला. केसांत अडकला असावा, तो जरा थांबला. मग बांगड्या वाजल्या. अव्वानं अंधारात हात पुढं केला होता. मला दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं तिचा अंगठा काय करतोय. त्या कडेवरून फिरतोय. दोन खळगे. पुन्हा फिरतोय.

"ह्येच," ती म्हणाली. आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "खालचं दोन पयल्यांदा आलतं त्येचं. रातभर किरकिर."

"न्ह्या तुमी," तो म्हणाला. "तुमचंच हाय. मला आधीच यायला पायजे हुतं. कोण म्हणून येनार हुतो?"

"तू काय घातलंस मग? नवं बांधून घेतलंस?"

"न्हाय. अय्यास्नी काय सांगू? माझं कुठं गेलं म्हणून?" खुर्ची जरा सरकली. "ह्येच पुजतोय रोज. चालत न्हाय, ठावं हाय मला. पर मोकळा हात घिऊन बसवंना."

आता पायऱ्या वाजत नव्हत्या. दिवा लागायची वेळ झाली होती. आदिती कुठंतरी बटणापाशी उभी असणार. तिनं लावला नाही.

अव्वाची पिशवी खसखसली. मला वाटलं, ती अण्णाची डबी फडक्यात बांधतेय. इतक्या महिन्यांचं ओझं एकदाचं उतरलं, आता घरी जायचं, अय्यांना बोलवायचं. नीलूच्या गळ्यात दोरा पडलेला मला दिसायलाही लागला होता.

"वाक," अव्वा म्हणाली.

"काय?"

"मान वाकीव. मला दिसतंय व्हय? घाल ह्ये. उघड्या गळ्यानं जिना उतरू नगंस."

त्याचं रडणं आवाजाचं नव्हतं. खुर्ची तेवढी हलत होती.

"आनि ही तुझी डबी. रिकामी हाय. आतलं त्येच्याजवळ हाय."

"असू दे तुमच्याकडं," तो मोठ्या कष्टानं म्हणाला. "घरात कायतरी माझं असू दे."

"बरं." अव्वा उठायच्या बेतात होती, पुन्हा बसली. "नातीचं लिंगधारण हाय आता. या सोमवारच्या म्होरल्या सोमवारी. हातकणंगल्यात. ये जेवायला."

"कोण म्हणून येऊ, अव्वा?"

"भुकेला म्हणून ये की."

खुर्ची करकरली. पावलं आमच्या शेजारून गेली, मग जिना. प्रत्येक पायरी वाजली, शेवटची सोडून. ती त्यानं गाळली, किंवा तिला आवाजच नव्हता. मग दिवा लागला. अव्वा लाल खुर्चीवर बसली होती, शेजारची खुर्ची रिकामी, आणि पडद्यामागचे मोर एकमेकांकडं बघत होते. नीलू उजेडानं डोळे चोळायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अव्वा माझ्या अंथरुणापाशी येऊन बसली.

"आलता."

मी उठून बसले.

"दारात हुता. आत आला न्हायच. पर हात पाठीशी न्हेला त्येनं. मी दाव म्हटलं तर मूठ मिटली. लहानपणी गोळी लपवायचा तशी." ती हसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "देत न्हाय आता त्यो. ऱ्हाऊ दे. अय्यास्नी फोन कर."

त्या सोमवारी अंगणात मांडव घातला. हुग्गीचं पातेलं चुलीवर होतं, गव्हाचा आणि गुळाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. सासरचे आले, फाउंड्रीतले आले, आदिती आली. तिच्याबरोबर ती उंच बाई आली, हिरवी साडी नेसून, आणि तिनं येताच वाढायला घेतलं. कितीतरी अनोळखी तोंडं होती. विरूपाक्षमामा दाराशी खुर्ची टाकून बसला होता, नेहमीसारखा, येईल त्याला अडवायला. आमच्या गावात कुणी नवं दिसलं की पहिला प्रश्न तोच: पावणं, कुणाकडचं?

पहिल्यालाच त्यानं तोंड उघडलं आणि अव्वा आतून पळत आली. "दादा, आज कुणाला इचारायचं न्हाय."

"आँ? मग वळख कशी पटायची?"

"जेवल्यावर पटती."

मामा दिवसभर फुगून बसला. अव्वा पंगतीतून फिरत होती. तिला दिसलेलं नव्हतं ते तोंड, म्हणून प्रत्येक तरुण माणसापुढं ती थांबायची, पळीभर हुग्गी वाढायची, नको म्हटलं तरी वाढायची, आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलंय का तेवढं बघायची. सगळ्यांनीच लावलं होतं. एक जण जेवताना खाली मान घालून बसला होता. दुसरा नीलूला हात लावू का विचारून गेला. तिसऱ्यानं अव्वाला वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता निघाला. त्यांतला एखादा असेल. नसेलही कुणी. अजूनही एसटीत, मंडईत, कुणी अनोळखी पोरगा दिसला की अव्वा त्याला बसायला जागा करून देते.

अय्यांनी नीलूच्या कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला. लिंग डबीत घातलं आणि डबी तिच्या गळ्यात बांधली. जुन्या चांदीची, कडेनं गुळगुळीत. कुणाची, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा अव्वा म्हणाली, "घरातलीच."

संध्याकाळी मांडव रिकामा झाला. नीलूला घेऊन मी दाराशी बसले. उजेड जात होता. तिनं दाराकडं बघितलं, जरा वेळ बघत राहिली, आणि मग गळ्यातली डबी दोन्ही हातांनी धरून तोंडात घातली. नुकते उगवलेले खालचे दोन दात चांदीवर कुरकुरले. मी डबी सोडवायला गेले.

अव्वानं माझा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात दिवा होता, अजून न लावलेला.

"चावू दे," ती म्हणाली. "अंधारात कामाला येतंय."